शैक्षणिक मानसशास्त्रात पुढचं शिक्षण: नाशिकमधून अर्ज कसा करायचा

शैक्षणिक मानसशास्त्रात एम.ए., एम.एस. किंवा पीएच.डी. करायची असं ठरवलेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'जीआरईला (परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेला) किती मार्क लागतात?' हा असतो. खरं तर तो यादीत बराच खाली येतो. निवड समिती सगळ्यात आधी दोन गोष्टी शोधते: या अर्जदाराला शिकण्या-शिकवण्याबद्दल नेमका कोणता प्रश्न पडला आहे, आणि त्या प्रश्नावर काम करणारं आपल्या विभागात कोणी आहे का. या दोन्हींची उत्तरं अर्जात दिसली नाहीत, तर डिस्टिंक्शनची मार्कशीटही फारशी उपयोगी पडत नाही. म्हणून पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे. अमेरिकेतल्या प्रवेशाची माहिती जास्त आहे, कारण या नावाचे स्वतंत्र विभाग सर्वाधिक तिथे आहेत. भारतातल्या मार्गाबद्दलही आवश्यक तेवढं सांगितलं आहे.

विषय नीट ओळखा

एकमेकांना लागून असलेल्या तीन विषयांत इथे हमखास गल्लत होते. शैक्षणिक मानसशास्त्र म्हणजे मुख्यतः संशोधन: मूल कसं शिकतं, त्याची प्रेरणा कशाने टिकते, चाचणी खरंच जे मोजायचं तेच मोजते का. स्कूल सायकॉलॉजी हा व्यवसाय आहे. शाळेत बसून मुलांच्या चाचण्या घेणं, अध्ययन अक्षमता ओळखणं, शिक्षक-पालकांबरोबर उपाय ठरवणं हे त्यातलं काम. अमेरिकेत त्यासाठी किमान ६० क्रेडिटचा अभ्यासक्रम आणि १,२०० तासांची इंटर्नशिप हा राष्ट्रीय संघटनेचा निकष आहे, आणि त्यातले निदान ६०० तास शाळेत व्हावे लागतात. तिसरा विषय समुपदेशन. ब्रिटनमध्ये तर 'एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट' हे नावच कायद्याने राखीव आहे. नोंदणीशिवाय ते लावता येत नाही आणि तिथे प्रशिक्षण घ्यायचं तर बहुतेक ठिकाणी डॉक्टरेट करावी लागते.

ज्याला डिस्लेक्सिया असलेल्या मुलांबरोबर रोज काम करायचं आहे, त्याने संशोधनाच्या पीएच.डी.ला अर्ज केला तर नकार ठरलेलाच. अर्ज कमकुवत असतो असं नाही, तो चुकीच्या विभागात गेलेला असतो.

भारतात या नावाची वेगळी पदव्युत्तर पदवी क्वचितच मिळते. दोन रस्ते चालतात: एम.ए. मानसशास्त्र किंवा एम.एड. महाराष्ट्रात एम.एड.साठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा असते आणि बी.एड.ला किमान ५० टक्के लागतात (राखीव प्रवर्गाला सवलत). बहुतेक केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकमध्येच असल्याने दूरस्थ शिक्षण इथे अनेकांना आधी आठवतं. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली आहे. कोणी अजूनही 'घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी' म्हणून फी मागत असेल, तर ती भरण्याआधी यूजीसीची सूचना स्वतः वाचा.

परदेशी जायचं असेल आणि हातात तीन वर्षांचीच बी.ए. असेल, तर बरीच अमेरिकन विद्यापीठं ती चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरत नाहीत. पुणे विद्यापीठाची एम.ए. पूर्ण करून अर्ज केला की ही अडचण बहुतेक ठिकाणी उरत नाही. त्यातच प्रबंधही होतो, जो पुढे सगळ्यात जास्त कामाला येतो.

प्रश्न घडवा

'मला मुलांच्या शिक्षणात रस आहे' हा प्रश्न झाला नाही. प्रश्न जवळपासच मिळतो, फक्त त्याला अभ्यासाच्या भाषेत बसवावं लागतं.

सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या शाळेचं उदाहरण घ्या. घरी कोकणा समाजाची बोली, वर्गात पुस्तकी मराठी. चौथीतलं मूल धडा अडखळत वाचतं आणि खालच्या प्रश्नांना गप्प बसतं. शिक्षक म्हणतात, 'याला वाचता येत नाही.' पण नेमकं काय येत नाही? गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्राप्रमाणे वाचून समजणं हा दोन क्षमतांचा गुणाकार आहे: अक्षरांवरून शब्द उलगडणं आणि भाषा ऐकून समजणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य झाली की उत्तरही शून्य. आता तोच उतारा मुलाला आधी पुस्तकी मराठीत आणि मग बोलीत वाचून दाखवा. बोलीत ऐकून उत्तरं येत असतील आणि मराठीत येत नसतील, तर अडचण भाषेची आहे. दोन्हीकडे येत असतील पण स्वतः वाचून येत नसतील, तर जोडाक्षरं आणि मात्रांपाशी थांबून पाहायला हवं. या दोन मुलांना लागणारी मदत पूर्ण वेगळी आहे, आणि इथे संशोधनाचा प्रश्न तयार होतो.

असेच आणखी प्रश्न आहेत. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला आई-वडिलांबरोबर दिंडोरी-निफाडकडे गेलेली मुलं परत आल्यावर गणितात नेमकी कुठे तुटतात? सेमी इंग्रजीत गेल्यावर शाब्दिक उदाहरणं का चुकतात, गणितामुळे की वाक्यामुळे? नाशिकच्या क्लासेसमध्ये दर आठवड्याला लागणाऱ्या रँकमुळे मुलाचा स्वतःवरचा विश्वास कसा बदलतो?

प्रश्न सापडला की लहान प्रमाणात तपासून पाहा. वीस-पंचवीस मुलं पुरेत. 'असर' या शालेय सर्वेक्षणाची वाचन चाचणी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांची असते आणि खुली उपलब्ध आहे. सुरुवातीला तीच वापरता येते. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि प्रत्येक पालकाची संमती आधी घ्या. आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयातही विचारा. परवानगीशिवाय गोळा केलेली माहिती अर्जात दाखवली, तर ती तुमच्या विरोधातच जाते. मुलांची नावं वहीत लिहू नका, क्रमांक द्या.

माणसं शोधा, मग विद्यापीठं

क्रमवारीची यादी उघडून वरून दहा नावं उचलणं ही सर्वांत महाग चूक. प्रत्येक अर्जाला साधारण ६० ते १२५ डॉलर लागतात आणि ते परत मिळत नाहीत. गूगल स्कॉलरवर आपल्या प्रश्नाचे शब्द टाकून गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध काढा, लेखक कुठे शिकवतात ते पाहा. विस्कॉन्सिन-मॅडिसन, इलिनॉय अर्बाना-शॅम्पेन, टेक्सास-ऑस्टिन, मिशिगन स्टेट इथे या विषयाचे मोठे विभाग आहेत. पण तुमच्या प्रश्नाचा माणूस एखाद्या कमी नावाजलेल्या विद्यापीठातही असू शकतो, आणि तिथला अर्ज जास्त वजनदार ठरतो. एका विभागात निदान दोन जण जुळत असतील तरच तो यादीत ठेवा, कारण एकजण रजेवर किंवा निवृत्तीच्या जवळ असू शकतो. सहा ते आठ अर्ज पुरे.

गणित, संख्याशास्त्र किंवा इंजिनीअरिंगमधून येणाऱ्यांनी या विभागांतली मापनाची शाखा जरूर पाहावी. चाचण्या कशा तयार होतात आणि गुणांचा अर्थ कसा लावायचा, याचं ते शास्त्र आहे. तिकडे आपल्याकडून फार कमी जण वळतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्राध्यापकांना मेल करा. दीडशे-दोनशे शब्द, त्याहून मोठा नको. 'रिस्पेक्टेड सर' लिहू नका. समोर बाई असण्याची शक्यता निम्मी तरी आहे. डॉक्टर आणि आडनाव एवढं संबोधन बरोबर. त्यांच्या एका शोधनिबंधातला एक मुद्दा, तुमचा प्रश्न दोन वाक्यांत, आणि शेवटी 'येत्या वर्षी नवे विद्यार्थी घेणार आहात का?' हा एकच सवाल. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग सोडून द्या. 'नाही' असं उत्तर आलं तरी तुमचे शंभर डॉलर वाचले.

उद्देशपत्र, म्हणजे एसओपी

दोन सुरुवाती शेजारी ठेवून पाहा.

पहिली: 'लहानपणापासूनच मला शिकवण्याची आवड आहे. शिक्षणाने समाज बदलतो असा माझा ठाम विश्वास आहे.'

दुसरी: 'सुरगाणा तालुक्यातील चौथीच्या काही मुलांना मी एकच गोष्ट तीन प्रकारे दिली: स्वतः वाचायला, मराठीत ऐकायला आणि बोलीत ऐकायला. बोलीत ऐकलेल्या गोष्टीवरचे प्रश्न सुटले, वाचलेल्या गोष्टीवरचे सुटले नाहीत. ही दरी शब्द उलगडण्यातली आहे की शब्दसंग्रहातली, हे माझ्या चाचणीतून ठरवता येत नव्हतं.'

पहिली कोणीही लिहू शकतं. दुसरीत निरीक्षण आहे, पद्धत आहे आणि तिची मर्यादाही लिहिणाऱ्याने ओळखली आहे. समितीला हे शेवटचं वाक्य सर्वांत जास्त भावतं. पुढे प्रबंध, वापरलेली संख्याशास्त्रीय पद्धत आणि सॉफ्टवेअर (आर किंवा एसपीएसएस), मग या विभागातले कोण आणि का, असं क्रमाने या. शब्दमर्यादा बहुधा ५०० ते १,००० असते. ती ओलांडू नका. घरची परिस्थिती, पहिल्या पिढीचं शिक्षण, मराठी माध्यम यासाठी अनेक ठिकाणी 'पर्सनल स्टेटमेंट' वेगळं मागतात. ते तिथेच लिहा आणि संकोच न करता लिहा.

शिफारसपत्रं

बहुतेक ठिकाणी तीन लागतात. आपल्याकडे 'तूच लिहून आण, मी सही करतो' हे उत्तर सर्रास मिळतं. तिन्ही पत्रांची भाषा सारखी दिसली की समितीच्या ते लगेच ध्यानात येतं आणि सगळ्या अर्जावरचाच विश्वास उडतो. त्याऐवजी सरांना किंवा मॅडमना एक पान नेऊन द्या: त्यांच्याकडे कोणता पेपर शिकलात, प्रबंधात काय केलंत, वर्गातला एखादा प्रसंग, आणि शेवटच्या तारखा. इंग्रजीत लिहायचा त्यांना संकोच असेल तर समोर बसून त्यांनी मराठीत सांगितलेले मुद्दे टिपून घ्या, मसुदा त्यांनाच करू द्या. संस्थाचालकांच्या किंवा नगरसेवकांच्या पत्राचा इथे काडीचा उपयोग नाही. प्रबंधाचे मार्गदर्शक हवेतच.

पत्र ऑनलाइन जमा करण्याचा दुवा विद्यापीठाकडून थेट त्यांच्या मेलवर येतो. कॉलेजचा अधिकृत मेल असेल तर तोच द्या, आणि स्पॅममध्ये पाहायला सांगा. निदान सहा आठवडे आधी विचारा, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सत्र परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी लागून येते.

कागदपत्रं आणि नावाचा घोळ

मार्कशीटवर 'पाटील स्नेहल रमेश' असं आडनावाने सुरू होणारं नाव असतं, खाली आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर स्नेहल रमेश हे नाव आणि पाटील हे आडनाव. पोर्टलवर मार्कशीट पाहून भरलंत तर 'पाटील' हे नाव आणि 'रमेश' हे आडनाव होऊन बसतं, मग जीआरईचा निकाल अर्जाला जोडला जात नाही. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच भरा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

सर्व सत्रांच्या मार्कशीट पाठीमागच्या बाजूसह स्कॅन करा, कारण श्रेणीचा खुलासा तिथेच छापलेला असतो. एटीकेटीच्याही द्या, लपवू नका. गुणांची सरासरी अमेरिकेतल्या चारपैकीच्या मापात (जीपीए) स्वतः बदलू नका. जी मूळ पद्धत आहे तीच भरा. अर्जाच्या वेळी बहुतेक विद्यापीठांना स्कॅन चालतं, त्यामुळे सीलबंद ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने प्रमाणित केलेला सगळ्या गुणांचा उतारा) मागितल्याशिवाय पाठवू नका. पदवी प्रमाणपत्रासाठी पुणे विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, तो राहिला असेल तर आता करा.

परीक्षा आणि पैसे

जीआरई अनेक विभागांनी ऐच्छिक केली किंवा काढून टाकली आहे. विभागाचं पान पाहून मगच फी भरा. परीक्षा आता दोन तासांच्या आत संपते आणि गुण पाच वर्षं चालतात. टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोनच वर्षं टिकतात. शिकवण्याची असिस्टंटशिप, म्हणजे विभागात शिकवण्याच्या कामाबद्दल मिळणारं मानधन, हवी असेल तर बोलण्याच्या विभागात वेगळी किमान अट असू शकते, ती आधी पाहा.

अमेरिकेत पीएच.डी.ला बहुधा फी माफी आणि आठवड्याला २० तासांच्या कामाचं मानधन मिळतं. नुसत्या मास्टर्सला सहसा पदरचे पैसे लागतात. घर गहाण ठेवून मास्टर्स करण्यापेक्षा एक वर्ष थांबून पीएच.डी.चा अर्ज भक्कम करणं आमच्या मते शहाणपणाचं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांनी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर पाहावी. अटी त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच वाचा.

तारखा, मुलाखत आणि त्यानंतर

पीएच.डी.च्या मुदती बहुतेक १ डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत असतात. न्यूयॉर्कच्या वेळेने रात्री ११.५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०.२९. तरीही दोन दिवस आधीच अर्ज सोडा, कारण कार्डाने डॉलरमध्ये पैसे भरताना बँकेने व्यवहार अडवणं नेहमीचं आहे. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून ठेवा.

जानेवारी-फेब्रुवारीत अर्ध्या तासाची ऑनलाइन मुलाखत होऊ शकते, आपल्याकडे बहुधा संध्याकाळी किंवा रात्री. 'तुमच्या चाचणीत कच्चं काय होतं?' हे विचारलं जातंच. त्याचं प्रामाणिक आणि नेमकं उत्तर तयार ठेवा. आर्थिक मदतीसह आलेल्या प्रस्तावाला बहुतेक अमेरिकन विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं असतं. त्याआधी घाई करायला कोणी लावत असेल तर ही तारीख विनयाने सांगा. होकार कळवल्यावर उरलेल्या विद्यापीठांना त्याच दिवशी नकार कळवा, म्हणजे प्रतीक्षा यादीतल्या कोणाला तरी जागा मिळते. मग विद्यापीठाकडे अधिकृत ट्रान्सक्रिप्टची मागणी नोंदवा आणि पाकीट तुमच्या हातात आलं तरी सील फोडू नका.