पाळणाघर काढताय? आधी आयांचं घड्याळ बघा

गेल्या महिन्यात तीन जणींनी वेगवेगळं विचारलं की घरकाम करणाऱ्या मावश्यांच्या आणि आसपासच्या नोकरदार घरांतल्या मुलांसाठी मिळून एकच पाळणाघर आणि खेळायची जागा काढायचीये, तयारी काय काय लागेल, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. मी पुण्यात वारज्याला हे आठ वर्षं केलंय, त्यातली पहिली दोन निव्वळ चुका करण्यात गेली. तेव्हा सगळं तिथलंच अनुभवाचं आहे, तुमच्याकडे थोडं वेगळं असेल.

पहिलं म्हणजे जागा बघायला निघू नका. आधी एक वही घ्या आणि आठवडाभर सकाळी सहाला वस्तीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहा. कोण किती वाजता बाहेर पडतं, मूल कोणाकडे सोडतं, दुपारी परत येतं का, रविवारी सुट्टी असते का, एवढंच लिहायचं. आम्ही हे केलं नाही. शहाणपणाने दहा ते सहा अशी ऑफिससारखी वेळ ठेवली आणि दोन महिने हॉलमध्ये सहा मुलं, कारण ज्यांच्यासाठी काढलं त्या बायका साडेसातला पहिल्या घरी भांडी घासत असतात, एकला घरी येतात, चारला परत दुसरी फेरी. आणि फ्लॅटमधल्या आया संध्याकाळी साडेसातच्या आत पोचत नाहीत. शेवटी सकाळी सव्वासात ते संध्याकाळी साडेसात अशी वेळ केली, मुलं सांभाळणाऱ्या तायांच्या दोन पाळ्या लावल्या, तेव्हा कुठे मुलं आली. अंगणवाडी आहे की, असं लोक म्हणतात. आहेच, १९७५ पासून आहे आणि तिच्याशी स्पर्धा करायची पण नाहीये, पण ती काही तासांचीच असते आणि तीन वर्षांखालच्या मुलाला दिवसभर सांभाळायचं काम तिचं नव्हतंच कधी. आता सरकारच्या पाळणा योजनेत काही अंगणवाड्यांना जोडून पाळणाघरं होतायत, तुमच्या भागात तसं आहे का ते आधी अंगणवाडीच्या सेविकाताईंना विचारून या. त्यांच्याशी गट्टी असलीच पाहिजे, कारण बाराला अंगणवाडी सुटल्यावर मुलाला तिथून तुमच्याकडे आणणार कोण हा प्रश्न दोघींनी मिळूनच सोडवायचा असतो.

दुसरं, हिशोब. हा कागदावर मांडल्याशिवाय नारळ फोडू नका. समजा वीस मुलं. पूर्ण फी सहा हजार आणि सवलतीची बाराशे. आठ पूर्ण फीची आणि बारा सवलतीची घेतली तर महिन्याला येतात बासष्ट हजार चारशे. आता खर्च बघा, तीन तायांना चौदा हजारप्रमाणे बेचाळीस, भाडं अठरा, खाणं मुलामागे दिवसाला पंचवीस रुपये धरून पंचवीस दिवसांचे साडेबारा हजार, लाइट-साबण-फिनेल-बारीकसारीक पाच. झाले साडेसत्त्याहत्तर. म्हणजे दरमहा पंधरा हजार खिशातून. अकरा पूर्ण आणि नऊ सवलत केलं तर शहात्तर हजार आठशे, जेमतेम तोंडमिळवणी. आकडे तुमच्या गावचे टाका, पण सवलतीची किती मुलं झेपतील हा आकडा पहिल्या दिवशी माहीत पाहिजे, नाहीतर दारात उभ्या आईला नाही म्हणवत नाही आणि मग ताईंचा पगार लांबतो. पगार लांबला की ताई जाते, ताई गेली की मुलं आठवडाभर रडतात. आणि एक, फी वेगळी असली तरी खोली एक, ताट एक, फीच्या वहीतला आकडा दुसऱ्या आईला दिसता कामा नये. फुकट ठेवू नका, शंभर का होईना घ्या, पैसे देणारी आई हक्काने भांडते आणि ते आपल्याला हवंच असतं.

पैशाची अजून एक वाट म्हणजे ऑफिसं. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि ती दुसऱ्यांबरोबर मिळून पण देता येते. तेव्हा जवळची मोठी हॉस्पिटलं, कंपन्या यांच्या एचआरला जाऊन भेटा, पाच जागा जरी त्यांनी धरल्या तरी महिना सुटतो. सीएसआरवर, म्हणजे कंपन्या समाजकामासाठी देतात त्या पैशावर, मात्र पहिली तीन वर्षं भिस्त ठेवू नका, नियमानेच निदान तीन वर्षं कामाचा अनुभव असलेली संस्था लागते, वर सीएसआर-१ चा फॉर्म, आयकराच्या १२ए, ८०जी नोंदण्या हे सगळं.

नोंदणीचं थोडक्यात सांगते कारण त्यात रस नाही. सोशल एंटरप्राइझ, म्हणजे समाजासाठी चालवलेला उद्योग, असा वेगळा प्रकार आपल्या कायद्यात नाही. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली कंपनी काढा, नाहीतर धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट किंवा सोसायटी, सोसायटीला सात माणसं लागतात आणि ती सात माणसं सहीला वेळेवर सापडणं हीच खरी परीक्षा. कलम ८ मध्ये नफा वाटून घेता येत नाही, दरवर्षी ऑडिट आणि फायलिंग असतं, सीए चांगला हवा. शॉप ॲक्ट, आणि स्वयंपाक तिथेच करणार असाल तर अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी, भाडेकरार रजिस्टर करून घेणं. झालं.

जागा तळमजल्यावरचीच घ्या. आणि करारात पाळणाघर हा शब्द लिहून घ्या, आम्हाला एका हौसिंग सोसायटीने सहा महिन्यांत बाहेर काढलं कारण तोंडी सगळे हो हो म्हणाले होते आणि मग दुपारच्या झोपेत मुलांचा आवाज येतो म्हणून मीटिंग बसली. जागा पक्की झाली की गुडघ्यावर बसा आणि रांगत सगळ्या खोल्या फिरा, गंमत नाही, खरंच रांगा. तेव्हा दिसतात खालचे प्लगपॉइंट, फरशीची तुटलेली कड, गेटखालची फट. मुख्य दाराला कडी मोठ्यांच्या डोक्याच्या उंचीवर, शिवाय आतूनच. बाथरूममध्ये भरलेली बादली कधीही नाही, रांगतं मूल अर्ध्या बादलीत पण बुडू शकतं. आणि छताला दोन-तीन भक्कम हूक. हे मला एका आईने शिकवलं. तिचं सात महिन्यांचं बाळ आमच्या छान नव्या गादीवर चार दिवस झोपलंच नाही, पाचव्या दिवशी ती स्वतःची जुनी साडी घेऊन आली आणि म्हणाली ताई हूक कुठंय. झोळी बांधली, दोन झोके दिले, बाळ गार. तेव्हापासून जमिनीपासून वीतभरच उंच, खाली गादी आणि शेजारी ताई बसलेली असेल तरच, अशी झोळी आमच्याकडे कायम आहे.

आता ताया. शिक्षण बघा पण आधी मूल रडताना बाई काय करते ते बघा. मुलाखत टेबलावर घेऊ नका, तीन दिवस पगारी ट्रायल द्या. जी रडणाऱ्या मुलाला पहिल्या मिनिटात मोबाइल दाखवते ती नको, जी उचलून खिडकीशी नेते ती घ्या. रांगत्या पाच-सहा मुलांमागे एक ताई, चालत्या-बोलत्या दहांमागे एक, याच्यावर मी जात नाही, मग कितीही फोन येऊ दे. पोलीस व्हेरिफिकेशन सगळ्यांचं, तायांचंच नाही तर स्वयंपाकाच्या मावशी, रिक्षाकाका, आठवड्यातून दोनदा येणारा पाण्याचा माणूस, सगळ्यांचं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, त्यात नुसती शंका आली तरी कळवणं बंधनकारक आहे, आधी आपण चौकशी करू मग बघू असं नसतं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर लिहा आणि तायांना महिन्यातून एकदा तरी या विषयावर आपसात बोलू द्या.

मूल न्यायला कोण येणार याचा फोटो फॉर्मवर चिकटवा. दोनच माणसं. फोटोत नसलेला माणूस आला आणि मूल मामा मामा करत धावलं तरी आईला फोन लागल्याशिवाय द्यायचं नाही. बायकांचे नंबर सारखे बदलतात, रिचार्ज संपलेला असतो, म्हणून ती ज्या घरी काम करते तिथला एक नंबर पण घ्या. आणि बाप पिऊन आला तर काय, हे आधी आईशी एकटीशी बोलून ठरवा, संध्याकाळी दारात ठरवता येत नाही.

आजारपणाचा नियम लिहिताना आम्ही मोठ्या रुबाबात लिहिलं होतं, ताप असल्यास मुलास आणू नये. काय झालं, आया सकाळी सहाला तापाचं औषध पाजून मूल सोडायला लागल्या आणि अकराला अंग भट्टीसारखं. चूक त्यांची नव्हती, एक खाडा म्हणजे चार घरांची बोलणी आणि पैसे कट. मग नियम बदलला. दारात रोज विचारायचं, सकाळी काही औषध पाजलं का, आणि विचारताना कपाळावर आठी नको. साध्या सर्दी-कणकणीला कोपऱ्यात वेगळी गादी आणि वेगळा ग्लास. जुलाब, उलट्या, अंगावर पुरळ असेल तर मात्र घरीच. ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, जवळच्या बालरोगतज्ज्ञांचा नंबर, १०८, आणि निदान दोन तायांना घशात काही अडकलं तर काय करायचं याचं प्रत्यक्ष ट्रेनिंग, व्हिडिओ बघून नाही.

खाण्यात बिस्किटं-चिवडा बंद. मऊ खिचडी, नाचणीचं सत्त्व, केळं, उकडलेला बटाटा, अंडं चालत असेल त्यांना अंडं, शेंगदाणा अख्खा नाही, कूटच, द्राक्षं उभी चिरून. कोणाला काय चालत नाही ते ताटाशेजारच्या भिंतीवर नावासकट. काढून आणलेलं आईचं दूध असेल तर डबीवर नाव आणि वेळ, लगेच फ्रिजमध्ये.

खेळण्यांवर पहिल्यांदाच चाळीस हजार घालू नका, मी घातले होते, त्यातलं अर्धं प्लास्टिक पावसाळ्यापर्यंत मोडलं. विकत घ्याल त्यावर आयएसआयचा मार्क बघा, १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे. बाकी जुन्या वाट्या-चमचे, झाऱ्या, लाकडी ठोकळे, कापडाच्या बाहुल्या, झाकण ठेवता येईल अशी वाळूची पेटी, झाकण नसेल तर रात्री मांजरं तिचा वापर करतात. जी वस्तू टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जाते ती तीनच्या आतल्यांना द्यायची नाही, म्हणजे चिंचोके, सागरगोटे, मणी वरच्या फळीवर, मोठ्यांसाठी. भातुकलीचा कोपरा मात्र हवाच. आमच्याकडे एक चार वर्षांची रोज ओढणी कमरेला खोचून भांडी घासायला बसायची आणि तिच्यासमोर फ्लॅटमधली एक, कानाला ठोकळा लावून, मी मीटिंगमध्ये आहे नंतर बोलते. मग कधीतरी दोघींनी आपसात कामं बदलली, ठोकळा हिच्याकडे आणि घासणी तिच्याकडे. आम्ही कोणी काही सांगितलं नव्हतं.

हे काही नवीन नाही म्हणा. बालशिक्षणातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरच मजुरांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेश, म्हणजे फिरतं पाळणाघर, चालू केलं. मुलं आहेत तिथे जायचं, एवढं धरलं की अर्धे निर्णय सोपे होतात. तुमच्याजवळ मोठी साइट चालू असेल तर बिल्डरशी बोला, पण इमारत झाली की मुलं जातात हे धरूनच हिशोब करा.

एप्रिल-मेची तयारी वेगळी. गावच्या जत्रा, लग्नं, अर्धी मुलं गायब आणि फी पण. उरलेल्यांबरोबर मोठी भावंडं येतात, ताई ह्यालापण ठेवा ना, शाळेला सुट्टीये. तेव्हा त्या दोन महिन्यांचं भाडं आधीच बाजूला काढा आणि मोठ्यांसाठी लगोरी, गोष्टी, चित्रं असा तासांचा वेगळा वर्ग ठेवा, नाहीतर दहा वर्षांचे दोघं मिळून रांगत्यांचा हॉल डोक्यावर घेतात.

सुरुवात जूनमध्ये करू नका, सगळीकडे ओल, कपडे वाळत नाहीत, सर्दी. दिवाळीनंतर करा. पहिल्या आठवड्यात पाचच मुलं घ्या, पुढच्या आठवड्यात अजून चार. आईला पहिले दोन दिवस सोबत बसू द्या, तिसऱ्या दिवशी तासभर बाहेर. सांगून जायचं, डोळा चुकवून नाही, आणि तिच्या न धुतलेल्या साडीचा नाहीतर ओढणीचा तुकडा मुलाजवळ ठेवा, वासाने शांत होतं. उद्घाटनाला पाहुणे बोलवू नका, फोटोवाला तर अजिबात नको. त्यापेक्षा त्या पैशातून लहान मापाच्या साठ चड्ड्या आणा, धुऊन, वाळवून, मापाप्रमाणे तीन ढिगात दाराजवळच्या कपाटात. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत निम्म्या संपतात.