उन्हाळ्याआधी माशांची टाकी हलवताना

चैत्र लागला की आमच्या मधल्या खोलीच्या खिडकीत कूलर बसतो आणि पश्चिमेचं ऊन दुपारभर समोरच्या भिंतीवर असतं. माशांची टाकी तिथून हलवावीच लागते. आमच्या दारव्हा तालुक्यात, कपाशीच्या गावात, घरात मासे ठेवणारे थोडे; त्यामुळे कुणी नव्यानं टाकी आणली की मी हे सगळं बसवून सांगते.

भरलेली टाकी उचलायची नाही. अर्धी भरलेलीही नाही. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीत 70 लिटर पाणी मावतं. काच आणि खडे धरले तर क्विंटलच्या जवळ जातं. चार माणसं ती उचलतीलही. पण एक कोपरा जरा खाली गेला की सगळं पाणी तिकडे लोटतं, तळाच्या काचेवर ताण येतो आणि सांध्यातलं सिलिकॉन सुटतं. गळती कधी लगेच दिसते, कधी आठ दिवसांनी.

नवी जागा बघताना मी आधी घरात फवारणीचा पंप आणि औषधं कुठे ठेवली आहेत ते बघते. सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशांना फार जहाल. पाण्यात नखभर अंश गेला तरी मासे मरतात. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणून औषधाचे डबे असलेल्या खोलीत टाकी नकोच. डासांच्या लिक्विडमध्येही बहुतेक याच कुळातलं औषध असतं, तेही त्या खोलीत लावू नका. बादल्यांचंही तेच. जिच्यात एकदा औषध कालवलं ती बादली कितीही घासली तरी माशांसाठी वापरायची नाही. आमच्या मामाजींनी दोन बादल्यांच्या कड्यांना लाल सुतळी बांधून दिली आहे. त्या शेतात जातच नाहीत.

जागा पक्की झाली की स्टँड ठेवून दोन्ही बाजूंनी पाणसळ लावा. जुन्या शहाबादी फरश्या क्वचितच सपाट असतात. स्टँडखाली पाचर द्या आणि टाकीखाली थर्माकोलची अखंड शीट.

आदल्या दिवशी माशांना खायला देऊ नका, म्हणजे बादलीतलं पाणी कमी घाण होतं. काम पहाटे सुरू करा, ऊन चढायच्या आत आटपा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशाला लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास, 30 अंशाला साडेसात. बादलीतल्या दाटीत हा फरक माशांना जाणवतो.

प्लग काढा. खडे ढवळण्याआधी नळीनं वरचं स्वच्छ पाणी सुतळीवाल्या बादल्यांत आणि धुतलेल्या गंजांत भरून ठेवा. जितकं साठवाल तितकं चांगलं, निदान निम्मं तरी. मग मासे जाळीनं एका बादलीत, त्यात एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड), आणि वर जुन्या लुगड्याचा कपडा बांधा. मॉली, गप्पी उडी मारतात.

आता फिल्टरचा स्पंज. माझ्या मते या सगळ्या कामात जपायची गोष्ट हीच. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. स्पंजवर आणि खड्यांवर वाढलेले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, जे माशांना बरंच कमी घातक. हे जीवाणू तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लीचिंग पावडर असते, त्या पाण्याखाली स्पंज धरला की ते मरतात. उन्हात वाळला तरी मरतात. म्हणून स्पंज काढला की सरळ माशांच्याच बादलीत बुडवायचा. खडेही टाकीच्याच पाण्यात ओले ठेवा, पण सिमेंट कालवलेल्या घमेल्यात नको.

रिकामी टाकी दोघांनी तळाखाली हात घालून न्यावी, वरच्या कडेला धरून नाही.

भरताना खड्यांवर ताटली ठेवून तिच्यावर हळू ओता, आधी साठवलेलं पाणी. कमी पडेल ते नेहमीचंच घ्या: बोअरचं असेल तर बोअरचं, नळाचं असेल तर दिवसभर उघडं ठेवलेलं. स्लॅबवरच्या काळ्या टाकीतलं थेट घेऊ नका, उन्हाळ्यात दुपारी ते हाताला चटका देतं. फिल्टर लगेच सुरू करा. मासे पिशवीत घेऊन पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग सोडा.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा. खाली असला आणि लाईन गेली की नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं. लाईन बराच वेळ येणार नसेल तर बॅटरीचा पंप लावा. तो नसेल तर गडवाभर पाणी काढून वरून पुन्हा टाकीत सोडत राहा.

पहिला दिवस खायला काहीच नको, पुढचा आठवडा निम्मं. या दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील किंवा कल्ले लाल दिसत असतील तर अमोनिया वाढला समजा. पाव टाकी पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव. स्पंजला मात्र तेव्हाही हात लावू नका.