पिन दारात नको, ट्रक वळतो तिथे टाका

टीएमएसमध्ये, म्हणजे मालवाहतुकीचे रूट आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कोकणातले पत्ते भरताना नकाशावरची पिन ग्राहकाच्या घरावर टाकू नका. सॉफ्टवेअर थेट वाडीपर्यंत रूट काढतं आणि सहाचाकी गाडी दोन गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) मधे अडकते. पुढे तर नुसती पाखाडी, पायऱ्यांची पायवाट! ट्रक जिथे वळवता येतो तो नाका पिन करा, तिथून पुढचा माल छोट्या हत्तीवर (छोट्या टेम्पोवर) वेगळी फेरी म्हणून लावा. माल उतरवून चढवण्याचा वेळही थांब्यात धरा, तो हमखास राहून जातो.

चिपळूण-कऱ्हाडला कुंभार्ली, रत्नागिरी-कोल्हापूरला आंबा घाट. तिथे भरल्या गाडीला हायवेचा वेग लावून काढलेली पोहोचवेळ काय कामाची? घाटाच्या पट्ट्याला वेगळा वेग द्या, तोही ड्रायव्हरला विचारून. पावसात दरड आली की तो पट्टा बंद दाखवून रूट पुन्हा काढा.