रूम खाली करायला सांगितलंय? बेळगावात दुसरी जागा अशी शोधा

महिन्याचं भाडं द्यायला मी वर गेलो आणि मालकीणबाईंनी चहा ठेवला. एरवी त्या पैसे मोजून "बरं" एवढंच म्हणत. कप हातात आला तेव्हाच मला कळायला हवं होतं. "तुळशीचं लगीन झालं की पोराचं उरकायचं हाय की ओ. जागा लागणार आमास्नी. तुमी बगून घ्या कुठं तरी." शहापुरातल्या त्या खोलीत आमची सहा वर्षं गेली होती. खाली येऊन मी मोबाइलवर खोल्यांच्या जाहिराती बघत बसलो आणि त्यात पंधरा दिवस घालवले. तुम्ही ते करू नका.

आधी जुन्या जागेचं मार्गी लावा. त्याला दोन कारणं आहेत. नव्या जागेचं डिपॉझिट बहुतेकांना जुन्या डिपॉझिटमधूनच भरायचं असतं. दुसरं म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी ही एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांची गावं आहेत. "आधी कुठं होता?" हा नव्या मालकाचा पहिला प्रश्न, आणि तुम्ही जिना उतरायच्या आत त्याचा जुन्या मालकाला फोन गेलेला असतो. त्या फोनवर काय बोललं जाईल, ते तुम्ही जुनी जागा कशी सोडताय यावर ठरतं.

पायरी १ : तारीख ठरवा आणि लिहून घ्या

"बगून घ्या कुठं तरी" ही काही तारीख नव्हे. दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारा, "काकू, नक्की कधीपर्यंत?" आणि ठरेल ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा : अमुक तारखेला खोली सोडतो, डिपॉझिट इतकं आहे, ते किल्ली देताना परत मिळेल असं आपलं ठरलं. समोरून "हो" किंवा नुसता अंगठा आला तरी पुरे. यात भांडण काही नाही. उलट मालकालाही लग्नाचा रंग काढायला तारीख लागतेच.

कायदा थोडक्यात माहीत असू द्या. करारात मुदत लिहिली असेल तर ती पाळायची. काहीच लिहिलेलं नसेल, तर महिन्याच्या भाड्यावरच्या जागेसाठी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०६ लागू होतं : निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस. १९९९ च्या कर्नाटक भाडे कायद्याचं नाव पुष्कळजण घेतात, पण महिना साडेतीन हजारांपेक्षा जास्त भाड्याच्या जागांना तो लागू नाही. म्हणजे आजच्या बऱ्याचशा खोल्या त्याच्या बाहेरच. तरीही मुदत संपली म्हणून कुणी तुमचं सामान रस्त्यावर ठेवू शकत नाही की बाहेरून कुलूप घालू शकत नाही. त्यासाठी मालकाला कोर्टात जावं लागतं. जबरदस्तीने बाहेर काढलं, तर १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथे मोफत मदत मिळते. हेल्पलाइन १५१००.

हे माहीत असावं ते मान खाली घालून बोलावं लागू नये म्हणून. ऐकवण्यासाठी नव्हे. कलम ऐकवलेल्या मालकाचा पुढचा फोन कसा असेल, त्याचा अंदाज तुम्हीच करा.

पायरी २ : डिपॉझिटचं बोलणं आत्ताच करा

"नवीन भाडेकरू आला की देतो" हे वाक्य ऐकलं नाही असा भाडेकरू सापडायचा नाही. घरच्याच लग्नासाठी जागा हवी असेल तर नवीन भाडेकरू येणारच नाही, मग पैसे कधी? यावर मला एकच तोडगा लागू पडलेला दिसला : शेवटच्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा असं सुचवायचं. मालकाला खिशातून रोख काढावी लागत नाही, म्हणून तो पटकन तयार होतो. मात्र हे विचारून करा. परस्पर भाडं थांबवणं हा वेगळा प्रकार झाला.

रंगाचे पैसे कापायची पद्धतही आहे. किती कापणार ते आधीच विचारा, आणि भिंतींचे फोटो सामान हलवायच्या आधी काढा. कपाट सरकवलं की त्यामागे निघणारा काळा पट्टा आपल्या नावावर जातो.

पायरी ३ : कामाची जागा धरून गल्ल्या ठरवा

अख्खं बेळगाव शोधायचं नाही. उद्यमबाग किंवा मच्छेच्या कारखान्यात कामाला असाल तर अनगोळ, भाग्यनगर, मजगाव, पिरनवाडी. केएलई हॉस्पिटल-कॉलेजच्या बाजूला असाल तर नेहरूनगर, सदाशिवनगर. कॅम्पात काम असेल तर गणेशपूर, हिंडलगा, विजयनगर. वाटेत रेल्वेचं गेट लागतं का, तेही बघा. टिळकवाडीच्या गेटवर सकाळी गाडीसाठी थांबलेला माणूस भाड्यात वाचवलेले पैसे पेट्रोलमध्ये आणि लेट मार्कात घालवतो.

हद्दीपलीकडची जागा स्वस्त वाटते. बेळगावातून शिनोळी, निपाणीतून कागल, असं बरेचजण बघतात. पण तिथे महाराष्ट्राचा कायदा आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तिथला लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. शिवाय कर्नाटकची फुकट वीज तिथे नाही. हिशेब करताना दोन्ही धरा.

पायरी ४ : पायी हिंडा

मोबाइलवर दिसतात त्या बहुतेक एजंटांच्या खोल्या, आणि एजंट सहसा एका महिन्याचं भाडं घेतो. चांगल्या खोल्या जाहिरातीपर्यंत पोचतच नाहीत. त्या किराणा दुकानदाराला, दूध घालणाऱ्याला, इस्त्रीवाल्याला, गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना माहीत असतात. मला मिळालेली खोली गिरणीत कळली. दळण दळून होईपर्यंत गिरणीवाल्या काकांनी तीन घरं सांगितली, वर त्यातल्या एका मालकाच्या स्वभावाबद्दलही सांगितलं. अशी माहिती कुठल्या अ‍ॅपवर मिळायची? "तरुण भारत"च्या छोट्या जाहिरातीही बघा. वयस्क मालक अजून तिथेच देतात.

पाट्या मराठी, कन्नड, इंग्रजी कशाही असतात. कन्नड वाचता येत नसेल तर निदान "बाडिगे" हा शब्द डोळ्यांना ओळखीचा करून ठेवा. बाडिगे म्हणजे भाडं. दारात गेल्यावर "मनी खाली ऐतेन्री?" (घर रिकामं आहे का?) आणि "बाडगी एष्ट्री?" (भाडं किती?) एवढं मोडकंतोडकं विचारलंत तरी समोरचा माणूस सैलावतो. पुढचं बोलणं बहुतेक वेळा तोच मराठीत सुरू करतो.

कधी हिंडावं, यालाही महत्त्व आहे. जून ते ऑगस्ट कॉलेजच्या पोरांची झुंबड असते. पितृपक्षात मात्र बरेचजण घर बदलत नाहीत, त्यामुळे खोल्या रिकाम्या पडून असतात आणि मालक दोनशे-पाचशेला मऊ होतो. पितृपक्षात बघून ठेवायची, बोलणी पक्की करायची आणि घटस्थापनेनंतर सामान न्यायचं, हे दोघांनाही चालतं. एक सांगून ठेवतो : मधले चार दिवस लॉजवर काढायचे असतील तर डिसेंबर टाळा. सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की गावात लॉज मिळत नाही.

आडनाव विचारतील. "नॉनव्हेज खाता काय?" हेही विचारतील. विचारू नये असं मला वाटतं, पण विचारतात. खोटं सांगून खोली घेऊ नका. सगळं लपेल, तव्यावरचा बांगडा लपायचा नाही.

पायरी ५ : खोली दोनदा बघा

एकदा दिवसा, एकदा सकाळी सहाला. ही पायरी मी चुकवली. वडगावातली एक खोली मी बघितली तेव्हा सगळं कसं शांत होतं. हवा खेळती, खिडकीतून पेरूचं झाड दिसणारं. टोकनचे हजार रुपये देऊन आलो. दोन दिवसांनी टेप घेऊन माप काढायला गेलो, तर मधल्या दारातूनच खडखडाट ऐकू आला. भिंतीपलीकडे चार पॉवरलूम. पहिल्या दिवशी माग बंद होते, एवढंच. फळीवर ठेवलेला माझा मोबाइल आपोआप सरकत कडेला आला. वडगाव, खासबाग, शहापूर ही विणकरांची वस्ती, माग चालणारच. दोष त्यांचा नव्हे, माझा. टोकन गेलं ते गेलंच.

सकाळी सहाला गेलात की पाण्याचंही कळतं. राकसकोप धरणाचं पाणी नळाला कधी येतं, किती वेळ येतं, टाकी सामाईक आहे का, मोटर कुणाच्या मीटरवर चालते, हे मालकापेक्षा शेजारच्या भाडेकरणीला विचारा. ती बादली भरता भरता खरं सांगेल.

ओल बघायची ती हाताने. इथला पाऊस चार महिने भिंतीत मुरतो. पश्चिमेच्या भिंतीला, खिडकीच्या खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर तळवा टेकवा. नवा चुना दिला असेल तर नखाने हलकं खरवडा; पापुद्रा निघाला तर आत ओल आहे. कपाटातल्या फळीवरचा पेपर उचलून बघा. तो मऊ लागला, त्याला कुबट वास आला, तर जुलैत तुमच्या चादरींनाही येणार.

पायरी ६ : मीटर

"लाइट बिल किती येतं?" असं न विचारता "मीटर स्वतंत्र आहे का?" असं विचारा. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत वीज माफ आहे, आणि ती भाडेकरूलाही मिळते. पण त्यासाठी खोलीला हेस्कॉम या वीज कंपनीचं स्वतःचं मीटर हवं. मालकाने आतून बसवलेलं सबमीटर यात धरत नाहीत. एका आधार क्रमांकावर एकाच मीटरला सवलत मिळते, आणि किती युनिट माफ हे त्या मीटरच्या आधीच्या सरासरी वापरात थोडी वाढ धरून ठरतं. म्हणजे खोली वर्षभर बंद होती, तर तुम्हाला मिळणारी माफी तोकडी असू शकते. बिल मागून बघा, थकबाकी नाही ना तेही कळेल.

इथेच बरेचजण अडकतात : जुन्या घराच्या मीटरला तुमचा आधार जोडलेला असतो. तो आधी सोडवून घ्यायचा, म्हणजे डी-लिंक करायचा. सेवासिंधू पोर्टलवर किंवा कर्नाटक वन, ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रांत हे होतं. मगच नव्या बिलावरचा अकाउंट नंबर घेऊन अर्ज करा.

पायरी ७ : करार

अकरा महिन्यांचाच करार का? एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंदवावा लागतो, ते टाळायला. ई-स्टॅम्पवर करतात. कागद कन्नडमध्ये असेल तर "तुमचं आमचं काय, करा सही" यावर सही करू नका. कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या, नाहीतर मराठी किंवा इंग्रजी प्रत मागा. "मुंगड" म्हणजे आगाऊ रक्कम, "तिंगळु" म्हणजे महिना. या दोन शब्दांशेजारचे आकडे बोलण्यात ठरलेल्या आकड्यांशी जुळतात का, ते बघा. खाली करायची मुदत दोन्ही बाजूंनी सारखी लिहून घ्या. डिपॉझिट कधी परत मिळणार, रंगाचे किती कापणार, हे दोन मुद्देही घाला. डिपॉझिट बँकेतून द्या. आधारची झेरॉक्स देताना मास्क केलेली, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेली द्या आणि वर आडवं लिहा : फक्त भाडेकरारासाठी.

"लीज"वर जागा देतो म्हणणारे भेटतील. एकरकमी काही लाख द्यायचे, महिन्याचं भाडं नाही, सोडताना सगळे पैसे परत. ऐकायला गोड आहे. पण घरावर कर्ज असेल आणि मालकाने हप्ते थकवले, तर बँक घर ताब्यात घेते आणि तुम्ही तुमच्या लाखांच्या मागे हिंडता. घराचे कागद आणि कर्जाचा बोजा वकिलाला दाखवल्याशिवाय मी तरी या वाटेला जाणार नाही.

पायरी ८ : सामान हलवताना

एक टेम्पो पुरतो. तो आधीच्या रात्री ठरवा, आणि गल्लीत मांडव घातला नाही ना ते बघा. नव्या खोलीत दूध उतू घालायचं ते घालाच. त्याच सकाळी मीटरच्या आकड्याचा आणि चारही भिंतींचा फोटो काढून मालकाला पाठवा. जुनी खोली झाडून, फरशी पुसून द्या. आमच्या मालकीणबाई झाडलेली खोली बघून म्हणाल्या, "एवढं कशाला केलासा?" आणि रंगाचे पैसे कापले नाहीत. नव्या मालकांनी त्यांना फोन केला होता, हे मला पुढे दिवाळीच्या फराळाला कळलं.

किल्ली मालकाच्या हातात द्या, शेजारी ठेवून जाऊ नका. किल्ली आणि डिपॉझिट दोन्ही मिळाल्याचा मेसेज एकमेकांना करा. मग गॅस एजन्सी, बँक आणि रेशन कार्डावरचा पत्ता बदला. मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरा. आणि जुन्या गल्लीतल्या पोस्टमनला नवा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून द्या.