लेझरच्या खोलीत नव्याने येणाऱ्या मुलींसाठी: बधिर करायच्या क्रीमबद्दल

सहा वर्षं पार्लरमध्ये वॅक्सिंग केल्यावर मी एका त्वचारोगतज्ज्ञ मॅडमच्या क्लिनिकमध्ये लेझरने केस काढायच्या कामाला लागले. मशीन हातात द्यायच्या आधी त्यांनी मला क्रीम शिकवलं. तेव्हा मला ते उलटं वाटलं होतं.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लिडोकेन २.५ टक्के आणि प्रिलोकेन २.५ टक्के असलेलं क्रीम वापरतात. 'प्रिलॉक्स' हे नाव कानावर पडेलच. लावलं की लगेच बधिर होत नाही, मुरायला साधारण तास जातो. म्हणून पेशंटला तासभर आधीच बोलवायचं. लेझरच्या आधी क्रीम पूर्ण पुसून जागा कोरडी करायची, यात आळस नको.

दुसऱ्या महिन्यात लग्न ठरलेली एक मुलगी आली. सकाळी घरी दोन्ही पाय शेव्ह करून, मांडीपासून घोट्यापर्यंत क्रीम थापून, वरून स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळून ती बसने आली होती. आता काम झटपट होईल म्हणून मला बरंच वाटलं. मॅडमनी मात्र फिल्म सोडवून पाय धुवायला लावले, बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावून तिला बराच वेळ बसवून ठेवलं आणि सिटिंग रद्द केलं. मला ते अति वाटलं, आणि तसं मी बोललेही.

मग त्यांनी मला केबिनमध्ये नेऊन अमेरिकेतल्या २२ आणि २५ वर्षांच्या दोघींबद्दल सांगितलं. दोघींनी लेझरसाठी पायांना असंच क्रीम लावून वर प्लास्टिक गुंडाळलं होतं. त्यांना झटके आले, त्या कोमात गेल्या आणि वारल्या. २००७ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यांची क्रीमं आपल्यापेक्षा बरीच तीव्र होती, पण घडतं ते तसंच. जागा मोठी, वरून प्लास्टिकची ऊब, त्यात नुकती शेव्ह केलेली कातडी. औषध भराभर रक्तात उतरतं. ओठ-जीभ बधिर होणं, कानात गुणगुण, चक्कर, या सुरुवातीच्या खुणा. प्रिलोकेनने ओठ आणि नखं निळसरही पडू शकतात. यातलं काहीही दिसलं तर क्रीम पुसा आणि त्याच क्षणी डॉक्टरांना हाक मारा.

म्हणून अपर लिप, काख, बिकिनी लाइन अशा छोट्या जागेलाच, डॉक्टर सांगतील तेवढंच. आधी विचारा: दाताच्या इंजेक्शनने कधी त्रास झाला होता का, हृदयाचं औषध चालू आहे का, दिवस गेलेत का, जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची कमतरता आहे का. खरचटलेल्या किंवा पुरळ आलेल्या जागी लावू नका.

अजून एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन, म्हणजे तिला रंग देणारं द्रव्यही लेझरची ऊर्जा ओढून घेतं, त्यामुळे भाजायची भीती जास्त. रबरबँड बसल्यासारखा चटका लागून विरला तर ठीक, पण आग होत राहिली तर थांबायचं. हे पेशंटच सांगू शकते, आणि पूर्ण बधिर पाय काहीच सांगत नाही. पायांना मी बर्फ आणि थंड जेलच वापरते.

ती मुलगी पंधरा दिवसांनी परत आली. या वेळी पायांना क्रीम नव्हतं. मधूनच "ताई, इथे जास्त लागतंय" म्हणायची. मी हात थांबवून जागा बघायचे, बर्फ लावायचे, मॅडमना विचारून सेटिंग कमी करायचे आणि मग पुढे जायचे.