आरएनएची ओळख मास स्पेक्ट्रोमेट्रीतून: सॉफ्टवेअर वापरताना या चुका टाळा

कोल्हापुरात उसाच्या किंवा भाताच्या लहान आरएनएवर काम करताना नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी (रेणूंचे वस्तुमान मोजण्यासाठी) बाहेरगावी पाठवला, की हाती फक्त डेटा फाइल येते. मग मोजलेल्या वस्तुमानांवरून आरएनए ओळखणाऱ्या एनएएसई किंवा पायथियस यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल टाकून मूळ सेटिंग्ज तशाच ठेवण्याचा मोह होतो. बहुतेक चुकीच्या ओळखी तिथूनच सुरू होतात.

पहिली चूक टोकांची. आरएनए ही ए, सी, जी आणि यू या न्यूक्लिओटाइडांची (घटकांची) साखळी असते. टी१ हे एन्झाइम त्यांतील जी नंतर साखळी तोडते आणि तुकड्याच्या ३' (शेवटच्या) टोकाला फॉस्फेट किंवा चक्रीय फॉस्फेट ठेवते. यूसीएजी या तुकड्याचे वस्तुमान साध्या फॉस्फेटसह 1303.18 डॉल्टन (रेणूंच्या वस्तुमानाचे एकक), तर चक्रीय फॉस्फेटसह 1285.17 डॉल्टन भरते. शोधात एकच पर्याय ठेवला, तर दुसऱ्या रूपातील तुकडे सापडतच नाहीत. न तोडलेल्या मायक्रोआरएनएच्या (सुमारे 22 न्यूक्लिओटाइडांच्या लहान आरएनएच्या) ५' (सुरुवातीच्या) टोकाला मात्र सहसा फॉस्फेट असतो, म्हणून तिथे हीच सेटिंग चालणार नाही.

सर्वांत फसवी चूक एका डॉल्टनची आहे, आणि तिच्याकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. यू आणि सी यांच्या वस्तुमानांत 0.984 डॉल्टनचा फरक असतो, तर कार्बन-13 या जड कार्बनमुळे वर्णपटात (वस्तुमानांच्या आलेखात) समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वस्तुमानाच्या अणूंच्या, शिखरांमध्ये 1.003 डॉल्टनचे अंतर पडते. सुमारे 7000 डॉल्टनच्या, म्हणजे 22 न्यूक्लिओटाइडांच्या रेणूत पहिले, एकसमस्थानिक (जड समस्थानिक नसलेले) शिखर सर्वांत उंच नसते. उपकरणाने पुढचे शिखर निवडले, तर सॉफ्टवेअर सी च्या जागी यू सुचवू शकते, कारण दोन्हींतील उरलेला फरक तीन पीपीएमपेक्षाही (दशलक्षात तीन भागांपेक्षाही) कमी असतो. समस्थानिक दुरुस्तीचा पर्याय चालू ठेवणे आवश्यक आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. वादग्रस्त जागेच्या दोन्ही बाजूंचे सी किंवा वाय प्रकारचे आयन (साखळी तुटून बनलेले प्रभारित तुकडे; हा सी म्हणजे न्यूक्लिओटाइड सी नव्हे) दिसतात का आणि त्यांतील अंतर 305.04 (म्हणजे सी) येते की 306.03 (म्हणजे यू), हे वर्णपट उघडून स्वतः पाहावे.

आरएनएला चिकटलेल्या सोडियममुळे प्रत्येक जागी 21.98 आणि पोटॅशियममुळे 37.96 डॉल्टनची भर पडते. ती शोधात धरली नाही तर जुळणीचे गुण घसरतात. सरसकट धरली तर खोटे जुळणारे उमेदवार वाढतात. काचेतून असे क्षार नमुन्यात उतरतात, म्हणून काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या वापरणे हा अधिक चांगला उपाय.

फाइल एमझेडएमएल (अशा डेटासाठीच्या सामाईक) स्वरूपात बदलताना शिखरे सेंट्रॉइड केलेली (प्रत्येक शिखर एका मध्यबिंदूवर आणलेले) आहेत आणि प्रभार ऋण निवडला आहे, एवढे तपासावे. तीन-चार न्यूक्लिओटाइडांच्या तुकड्यांचे क्रम उलटसुलट करून बनवलेले डिकॉय (चुकीच्या जुळण्या मोजण्यासाठीचे खोटे क्रम) बऱ्याचदा खऱ्या क्रमांशीच जुळतात, त्यामुळे अशा तुकड्यांसाठी दाखवलेला एफडीआर (खोट्या ओळखींचे अंदाजित प्रमाण) विश्वासार्ह धरू नये.

स्यूडोयूरिडीन या यू च्या बदललेल्या रूपाचे वस्तुमान यूरिडीनइतकेच (यू इतकेच) असल्यामुळे सामान्य शोधात त्याला वेगळे मोजता येत नाही. नमुन्यावर अॅक्रिलोनायट्राइल या रसायनाची प्रक्रिया केल्यास त्याच्या जागी 53.03 डॉल्टनची वाढ दिसते. ती बदलाच्या यादीत नोंदवूनच शोध पुन्हा चालवावा.