चार हप्त्यांचा एक हप्ता करताना

सांगलीत माझी मिरची कांडपाची गिरणी आहे. फेब्रुवारी ते मे यंत्रांना उसंत नसते आणि पाऊस लागला की दिवसाला दोन-चार गिऱ्हाइकं. हप्ते मात्र बाराही महिने. म्हणून यंदा कर्जं एकत्र केली, म्हणजे एक नवं कर्ज काढून जुनी चार फेडून टाकली.

बँकेत नंतर जा, आधी वही घ्या. प्रत्येक कर्जापुढे लिहा : आज बाकी किती, खरा दर किती, मुदतीआधी फेडलं तर शुल्क किती. गोम खऱ्या दरात आहे. यंत्राचं तीन लाखांचं कर्ज देताना मला 'बारा टक्के' सांगितलं होतं. तो फ्लॅट दर निघाला. म्हणजे तिन्ही वर्षं पूर्ण तीन लाखांवर व्याज, फेडून झालेल्या पैशांवरसुद्धा. हप्ता ११,३३३. शिल्लक घटत जाते हे धरून हिशेब केला, तर दर २१ टक्क्यांच्या वर जातो. माझ्या भाच्यानं मोबाइलवर काढून दाखवलं तेव्हा मी गप्पच बसले.

दहा हप्त्यांनंतर यंत्रकर्जाचे २,३५,००० उरले होते. क्रेडिट कार्डाचे ७४,०००, महिना साडेतीन टक्क्यांनी. क्यूआरवाल्या ॲपवरून घेतलेल्या कर्जाचे ६१,०००, रोज गल्ल्यातून कापून जाणारे. पतसंस्थेचे १,२०,०००, पंधरा टक्क्यांनी. पतसंस्थेच्या कर्जात व्याजाची बचत फार नव्हती. पण पावसाळ्यात रोज संध्याकाळी पिग्मीवाला (रोजची वसुली करणारा) दारात, तेवढं तरी टळलं. सोनेतारण नऊ टक्क्यांचं होतं. "तेही घ्या की यात," बँकेतले साहेब म्हणाले. मी नाही म्हटलं. स्वस्त कर्ज महागात कशाला घालायचं?

नवं कर्ज पाच लाखांचं, घटत्या शिलकीवर तेरा टक्के. पाच वर्षांचा हप्ता ११,३७७, चार वर्षांचा १३,४१४. पहिला आकडा गोड वाटतो, पण त्यात एकूण व्याज जवळपास ३९ हजारांनी जास्त जातं. मी चार वर्षं घेतली. दर बदलता ठेवला, कारण १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेलं असं कर्ज सूक्ष्म किंवा लघु उद्योगानं लवकर फेडलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं व्यापारी बँकांना शुल्क घेता येत नाही. जुन्या यंत्रकर्जाला मात्र चार टक्के आणि वर जीएसटी भरावा लागला. प्रोसेसिंग फीसुद्धा हिशेबात धरा.

कागद नेहमीचेच : उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), दोन वर्षांचे रिटर्न, बँक स्टेटमेंट. उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. अर्जाआधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट (आपल्या कर्जांची आणि फेडीची नोंद) बघा, वर्षातून एकदा तोही फुकट मिळतो. माझ्या रिपोर्टमध्ये कधीच फिटलेलं फ्रिजचं कर्ज चालू दिसत होतं. ते दुरुस्त होईपर्यंत थांबावं लागलं.

मंजूर रक्कम स्वतःच्या खात्यावर मागू नका. बँकेनं थेट जुन्या कर्जखात्यांत भरावी. हातात पैसे आले की ब्याडगी मिरचीची पोती खुणावायला लागतात. नंतर प्रत्येकाकडून नाहरकत पत्र आणि दिलेले कोरे चेक परत घ्या, आणि खात्यावरचा एनएसीएच मँडेट (हप्ता आपोआप कापायची परवानगी) बंद झाला का ते बँकेत विचारा. मी विचारलं नाही. एका कंपनीनं कर्ज बंद झाल्यावरही एक हप्ता ओढला. परत यायला तीन आठवडे लागले.

मे संपायच्या आत पावसाळ्याचे चार हप्ते वेगळ्या खात्यात टाकते. कार्ड मोडलं नाही, पण मर्यादा ७५ हजारांवरून २० हजारांवर आणून घेतली. विजेच्या बिलापुरती.